नवऱ्याच्या मारहाणीच्या केस घ्यायला कार्यकर्त्या तयार करताना: सांगली-साताऱ्याकडच्या नव्या प्रशिक्षकांसाठी

तालुक्यातल्या आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या सीआरपी (गावात गटांचं काम बघणाऱ्या) ताया आणि नुकत्याच एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) झालेल्या मुली यांचं कौटुंबिक हिंसाचारावर प्रशिक्षण घ्या, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. हॉल ठरलाय, जेवण ठरलंय, पण आत नेमकं काय शिकवायचं ते ठरलेलं नाही. हा लेख तुमच्यासाठी आहे.

मी आधी समुपदेशकाच्या खुर्चीवर बसले आणि नंतर या दोन जिल्ह्यांत प्रशिक्षणं घेऊ लागले. माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रशिक्षणात दिवसभर वकीलसाहेबांनी कलमं वाचली. वही भरली. पुढच्या आठवड्यात ओठ फुटलेली एक बाई समोर येऊन बसली आणि पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला सुचेना. मी विचारलं, "काय झालं होतं, भांडण कशावरनं झालं?" ती उठून गेली नाही, पण गप्प झाली. तो प्रश्न चुकीचा का, हे समजायला मला फार वेळ लागला. तुमच्याकडे शिकणाऱ्या बायकांना तेवढा लागू नये.

१. आधी सगळ्या दारांवर स्वतः जाऊन या

प्रशिक्षणाच्या किमान तीन आठवडे आधी हे काम करा. यादी साधारण अशी: महिला व बालविकास विभागाचे तुमच्या भागाचे संरक्षण अधिकारी, जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर, पोलिसांचा महिला कक्ष किंवा भरोसा सेल, महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष, तालुका विधी सेवा समिती, जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण, शासकीय रुग्णालयाचा अपघात विभाग आणि महिलांचं निवारागृह.

प्रत्येक ठिकाणी विचारा: रात्री अकरा वाजता बाई आली तर दार कोण उघडतं? बरोबर दहा वर्षांचा मुलगा असेल तर तो आईपाशी राहू शकतो का? सखी केंद्रात साधारण पाच दिवसांचा तात्पुरता आसरा मिळतो. सहाव्या दिवशी तिला कुठे पाठवतात? उत्तर देणाऱ्याचं नाव आणि पद लिहून घ्या. "आमच्याकडे सगळी सोय आहे" एवढ्यावर उठू नका.

११२ (पोलीस), १८१ (महिला हेल्पलाइन), १०९८ (मुलांसाठी), १५१०० (मोफत कायदेशीर मदत) आणि १४४१६ (मानसिक आरोग्य) हे नंबर स्वतः लावून बघा. पलीकडून काय विचारतात ते माहीत असलं की बाईला आधीच सांगता येतं.

अंतरही मोजा. जतच्या पूर्वेकडच्या गावातली बाई सांगलीला यायची म्हणजे तिचा दिवस जातो, आणि तिथल्या कित्येक घरांत बोली कानडी असते. पाटण आणि जावळीच्या डोंगरातल्या वाड्यांना दुपारनंतर एसटी मिळेलच असं नाही. "उद्या जिल्ह्याला या" हा सल्ला देण्याआधी कार्यकर्तीनं गाडी कधी सुटते आणि परतीची कधी, हे बघितलंच पाहिजे.

२. माणसं आणि जागा

वीस ते पंचवीसच्या वर घेऊ नका. सलग तीन दिवस ठेवू नका. दोन दिवस आता आणि तिसरा महिन्यानं. पंचायत समितीचा सभागृह फुकट मिळतो, पण तिथे दर पाच मिनिटांनी कुणीतरी डोकावतं. दार बंद होईल अशी जागा शोधा. फोटो नाही, बातमी नाही. हजेरीपत्रकावर फक्त नाव आणि गाव.

एक गोष्ट विसरू नका. खोलीत बसलेल्यांपैकी काहीजणी घरी हेच सोसत असणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितलेल्या होत्या फक्त १४ टक्के. ७७ टक्के बायकांनी कधी मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. मानधन मिळतं म्हणून आशाताई यातून सुटलेली नसते. म्हणून सुरुवातीलाच सांगा की कुणीही, केव्हाही, कारण न देता उठून बाहेर जाऊ शकते. शेजारच्या खोलीत एक अनुभवी समुपदेशक दिवसभर बसवा. मी हे एकदा टाळलं. दुपारच्या सत्रात एक अंगणवाडी सेविका रडायला लागली आणि तिला घेऊन बसायला माझ्याकडे माणूस नव्हतं. तेव्हापासून शेजारच्या खोलीची सोय झाल्याशिवाय मी तारीखच देत नाही.

३. पहिली सकाळ: कानावरची वाक्यं उतरवा

कायद्यानं सुरुवात करू नका. प्रत्येकीला कार्ड द्या आणि लहानपणापासून ऐकलेलं एकेक वाक्य लिहायला सांगा. येतंच: "टाळी एका हातानं वाजत नाही." "पोरांकडं बघून ऱ्हा." "नवऱ्यानं मारलं आन् पावसानं झोडपलं, तर तक्रार कुणाकडं?" "दारू उतरली की माणूस सोन्यासारखा हाय."

कार्डं भिंतीला लावा आणि एकच विचारा: या वाक्यानं कुणाची सोय होते? मग त्यांना बोलू द्या, तुम्ही मधे पडू नका. वाद होतो, आवाज चढतात, होऊ द्या. कुणीतरी म्हणेलच की राग आवरत नाही त्याला. तेव्हा विचारा, कारखान्याची टोळी महिनाभर तोडीला आली नाही, ऊस वाळला, तर तो शेतकी अधिकाऱ्याला मारतो का? तिथे राग आवरतो. म्हणजे आवरता येतो.

हिंसेचे प्रकार याच चर्चेतून काढा. मारहाणीपलीकडचं बरंच सापडतं: पगाराचं एटीएम कार्ड काढून घेणं, माहेरी फोन करू न देणं, मोबाइल तपासणं, नको असताना जबरदस्ती, रात्रभर संशयाची उलटतपासणी. ऊसतोडीच्या कोयत्याची गोष्ट इथे आवर्जून काढा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) बहुधा नवऱ्याच्या नावावर असते. मार खाणारी बाई कोपीतून (तोडणीवाल्यांच्या झोपडीतून) निघून गेली तर अर्धी मजुरी बुडते आणि मुकादम तिच्या माहेरच्या दारात उभा राहतो. "सोडून का जात नाही" या प्रश्नाचं उत्तर अशा हिशोबात असतं.

४. बोलण्याचा सराव (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

दोन दिवसांतला निम्मा वेळ यालाच द्या, असं माझं ठाम मत आहे.

तिघींचे गट करा: एक बाई, एक कार्यकर्ती, एक बघणारी. दहा मिनिटं बोलायचं, पाच मिनिटं बघणारीनं सांगायचं, मग जागा बदलायच्या. बघणारीचं काम मोजण्याचं: कार्यकर्तीनं किती वेळा मधेच तोडलं, किती वेळा "का" विचारलं, सल्ला कितव्या मिनिटाला दिला. पहिल्या फेरीत सल्ला जवळजवळ नेहमी दुसऱ्या मिनिटाला येतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. मी त्या अशा मांडते: ऐका, तिची गरज विचारा, तिच्यावर विश्वास असल्याचं बोलून दाखवा, सुरक्षा वाढवा, आधार जोडून द्या. हा क्रम फळ्यावर शेवटपर्यंत राहू द्या.

वाक्यं आपल्या बोलीतच तयार करून घ्या. पुस्तकी भाषेत सराव केला तर ऐनवेळी तोंडातून काहीच येत नाही.

"भांडण कशावरनं झालं?" याऐवजी: "लई लागलंय का? आत्ता कुठं दुखतंय?"

"तुम्ही काही बोलला होता का त्यांना?" याऐवजी: "तुमची चूक न्हाई ही. मारायचा हक्क कुणालाच न्हाई."

"पोलिसात गेला का नाहीत?" याऐवजी: "आज घरी गेलं तर भ्या वाटतं का? नेमकं कशाचं?"

"आता सोडून द्या त्याला" याऐवजी: "तुमच्या मनात काय हाय? आत्ता लगेच काय झालं पायजे?"

बाई झालेली कार्यकर्ती जे बोलते ते ऐकत राहा. "मालक मनानं चांगलं हाईत, जरा मारत्यात एवढंच." "कुठं जाऊ? माहेरात भावजय हाय." ही वाक्यं ऐकून कार्यकर्ती गडबडून समजूत घालायला लागते. तिला थांबवा. अशा वेळी चार श्वास गप्प बसायला शिकवा. चार श्वास खूप वाटतात, म्हणून तेही करून घ्या.

विचारायचं कुठे, तर एकटीलाच. गृहभेटीत सासू उंबऱ्यात बसलेली असताना, किंवा लसीकरणाच्या रांगेत, मारहाणीचा विषय काढायचा नाही. लसीचं कार्ड बघायला म्हणून तिला उपकेंद्रात बोलवा. दोन-तीन वर्षांवरचं लेकरू जवळ असेल तर तेही घरी जाऊन सांगतं, हे लक्षात ठेवा.

आणि "कुणाला सांगणार नाही" असं सरसकट वचन द्यायचं नाही. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर लग्न झालेलं असो वा नसो, लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्यानं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) बंधनकारक आहे. हे तिला बोलायला लावण्याआधी सांगायचं, नंतर नाही.

५. धोका किती, हे विचारायला शिकवा

अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८५ मध्ये जिवाचा धोका मोजायची प्रश्नावली तयार केली. ती पूर्ण पाठ करायची गरज नाही, पण एवढे प्रश्न प्रत्येक कार्यकर्तीच्या तोंडी असावेत: गळा दाबला का कधी? कोयता, विळा, कुऱ्हाड दाखवली का? "जिवंत ठेवत नाही" म्हणाला का, आणि तुम्हाला ते खरं वाटतं का? मार अलीकडे वाढलाय का? पोटुशी असताना मारलं का? सतत पाळत ठेवतो का? तुम्ही नुकतंच घर सोडलंय किंवा सोडणार आहात हे त्याला कळलंय का?

गळ्याच्या प्रश्नावर थांबा. अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात, गळा दाबला गेलेल्या बाईचा पुढे त्याच जोडीदाराच्या हातून खून होण्याचा धोका सातपटीहून जास्त आढळला. आपल्याकडे बायका हे "मान धरली" असं सहज बोलून जातात आणि ऐकणारीही पुढे जाते. बाहेरून वळ नसतात. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, डोळ्यांत लाल ठिपके आहेत किंवा तेव्हा नकळत लघवी झाली होती, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना. आतली सूज नंतर वाढू शकते.

आत्महत्येचं थेट विचारायला शिकवा. विचारल्यानं डोक्यात विचार येत नाही. विचारल्यानं बोलायला वाट मिळते. तासगावच्या द्राक्षपट्ट्यात काय, कोरेगावच्या मळ्यात काय, फवारणीचं औषध घरातच असतं. "औषध प्यावंसं वाटलं का कधी?" एवढं साधं विचारा. हो म्हणाली तर औषध घरातून हलवायचं कसं, ते तिच्याबरोबरच बसून ठरवा आणि तिला एकटी सोडू नका.

६. सुरक्षेचा आराखडा

प्रत्येकीकडून तिच्या स्वतःच्या गावातल्या कल्पित बाईसाठी कागदावर आराखडा करून घ्या. मार सुरू झाला तर स्वयंपाकघरात नाही जायचं, तिथे विळी आणि गॅस असतो, दाराकडे सरकायचं. मागच्या दारानं कुणाच्या घरी? शेजारणीला कळवायची खूण कोणती? आधार, पासबुक, मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स आणि दोनशे-तीनशे रुपये कुणाकडे ठेवायचे? जवळच्या नात्यात ठेवू नका, सासरचे आधी तिथेच शोधतात.

फोनबद्दल स्वतंत्र बोला. कार्यकर्तीनं व्हॉट्सअॅपवर "ताई, काल मारलं का परत?" असं पाठवलं आणि फोन नवऱ्याच्या हातात असला, तर पुढचं सांगायला नको. फोन कधी करायचा ते बाईनं सांगावं. दुसऱ्या कुणी उचलला तर बचत गटाच्या हप्त्याचं बोलायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

७. एकत्र बैठकीचा सापळा

माझ्या हातून घडलेली चूक सांगते. पहिल्या वर्षी मी एका जोडप्याला एकाच बाकावर बसवून "दोघांचं ऐकून" घेतलं. ती त्याच्यासमोर म्हणाली, आता सगळं ठीक आहे. मी फाइलवर समेट लिहिला. त्या रात्री त्यानं तिचा हात मोडला, बाहेर तोंड उघडलं म्हणून.

नवी कार्यकर्ती समेटाला यश समजते, कारण गाव तसं समजतं. पोलीस पाटील, सरपंच, तंटामुक्त गाव समिती, भावकी, सगळे "नांदायला पाठवा" म्हणतात. कुणी जातपंचायतीचा किंवा वाळीत टाकण्याचा धाक घातला, तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, हे सांगून ठेवा.

२००६ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक नियमांतला चौदावा नियम सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. न्यायालयानं समुपदेशन सांगितलं तरी तिथे हिंसेचं समर्थन करायची मुभा नवऱ्याला नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं असतं. "तिनं जेवण वेळेवर दिलं नाही म्हणून" हे वाक्य तिथे ऐकूनच घ्यायचं नसतं. बाईला स्वतःला परत जायचं असेल तर तो तिचा निर्णय. तेव्हा धोक्याचे प्रश्न पुन्हा विचारा, आराखडा पुन्हा करा, आणि दार उघडं ठेवा.

८. कायदा: दीड तास पुरतो

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. तो दिवाणी स्वरूपाचा दिलासा देतो: कलम १८ संरक्षण, १९ निवास, २० खर्च, २१ मुलांचा ताबा, २२ भरपाई, २३ तातडीचा अंतरिम आदेश. संरक्षणाचा आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्नासारख्या संबंधात एकत्र राहणारी बाईही यात येते.

नवऱ्यावर गुन्हा नोंदवायचा तर तो वेगळा रस्ता. भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ४९८-अ (नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेला छळ) आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. दोन्ही रस्ते एकाच वेळी धरता येतात. बहुतेक बायकांना आधी घर आणि पोटगी हवी असते, तुरुंग नको असतो. म्हणून पहिला कायदा नीट समजावा.

हमखास होणारे घोटाळे:

- एनसीची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) पावती म्हणजे एफआयआर नव्हे. बाई कनवटीला चिठ्ठी बांधून "केस केलीया" म्हणते. कार्यकर्तीनं कागद उघडून वाचायचा.
- "घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा हक्क नाही" हे खोटं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सतीश आहुजा खटल्यात सांगितलं की सासरच्यांच्या मालकीचं घरही सामायिक घर ठरू शकतं.
- "लग्न झालं त्या गावी जा" हेही खोटं. कलम २७ नुसार बाई तात्पुरती राहते तिथेही अर्ज चालतो. बीडहून आलेली तोडणीवाली कोपीतून अर्ज करू शकते. गलाईसाठी (सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी) परराज्यात राहणाऱ्याची विट्याची बायको माहेरच्या तालुक्यात करू शकते.
- संरक्षण अधिकाऱ्यांचा घटना अहवाल नाही म्हणून अर्ज अडत नाही. बाई थेट न्यायालयात जाऊ शकते. २०२२ च्या प्रभा त्यागी निकालानं हे स्पष्ट केलंय. तरी अहवाल असला तर बाजू भक्कम होते.
- कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं लिहिलंय. ते वचन म्हणून बाईला देऊ नका. तारखा पडतात.
- वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

सातारा जिल्ह्यात फौजीच्या बायका येतील. "त्यांच्यावर इथली केस चालत नाही" असं त्यांना सासरी सांगितलेलं असतं. चालते. कलम २० नुसार न्यायालय पगारातून थेट रक्कम द्यायला मालकाला सांगू शकतं.

९. कागदांची पिशवी

हे पत्रक छापून वाटा:

- आधार, रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले
- लग्नाची पत्रिका किंवा फोटो
- दवाखान्याचे केसपेपर, जखमांचे तारखेसह फोटो
- एनसी किंवा एफआयआरची प्रत
- स्त्रीधनाची यादी, असल्यास सोनाराच्या पावत्या
- नवऱ्याच्या कमाईचा पुरावा: पगारपत्रक, सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं, दूध डेअरीची बिलं

शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या. पोटगीत दोन्ही बाजूंनी उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून. शेतकरी नवरा "उत्पन्न काहीच नाही" म्हणतो तेव्हा एक ऊसबिल पुष्कळ काम करतं. पण कागद मिळवायला बाईनं कपाट फोडू नये. नसले तरी अर्ज करता येतो.

दवाखान्यात "पडले" असं नोंदवलेलं असतं. डॉक्टरांना खरं कारण सांगून ते केसपेपरवर लिहून घ्यायला बाईला साथ द्या.

१०. महिन्यानंतरचा तिसरा दिवस

हा दिवस रद्द करायचा मोह होईल, करू नका. प्रत्येकीनं एक केस आणायची, नावगाव बदलून. सुरुवातीला विचारा, कुणाला काही आलंच नाही का? हात वर होतील. त्यांच्याशी बोललं की बहुधा कळतं, बाई आली होती, पण गर्दीत आली आणि निघून गेली. मग गर्दीतून बाजूला कसं घ्यायचं, त्याचा सराव पुन्हा.

नंतर दर महिन्याची एक बैठक ठरवा, दोन तासांची, ठरलेल्या वारी. बाजाराचा दिवस टाळा. तिथे केसबरोबर कार्यकर्तीचंही विचारा: झोप लागते का, कुणी धमकी दिली का, घरचे काय म्हणतात. नवऱ्यानं रस्त्यात अडवलेल्या कार्यकर्तीला दुसऱ्या दिवशी एकटीनं त्या वस्तीवर पाठवायचं नाही. जोडीनं जायचं, जाण्याआधी कुठे चाललोय ते कार्यालयात लिहून ठेवायचं, आणि परत आल्याचा फोन कुणी घ्यायचा त्याचं नाव त्याच वहीत असलं पाहिजे.